केनेकॉट येथील तांब्या-रुप्याची ओसाड खाण

अलास्का हा उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाचा प्रदेश. त्याच्या दक्षिण भागात रँगेल नावाची पर्वतरांग आहे. तिच्यात सोळा सोळा हजार फूट उंचीची शिखरे असून त्यांच्या अंगाखांद्यांवरून मैलोगणती लांबीच्या हिमनद्या खाली उतरतात. केनिकॉट ही त्यांपैकीच एक हिमनदी होय. तिच्या पूर्वेस जी डोंगरधार उभी आहे, तिच्याकडे दुरून पाहिले असता भूगर्भशास्त्राची अक्षरओळख नसलेल्या मनुष्याच्याही ध्यानात एक गोष्ट येते. खालचा खडक काळपट हिरवा आहे आणि वरचा करडा-पांढरा. दोहोंमधली रेघ सुताराने सूत धरून आखावी इतकी स्पष्ट असून ती डोंगराच्या अंगावरून तिरकस उतरत जाते.

या एका रेघेने तेथे शहर वसविले आणि तिनेच ते उठविले. १९११ पासून १९३८ पर्यंत या रेघेच्या वरच्या अंगाला जगातील अत्यंत कसदार तांब्याच्या खाणी चालू होत्या. त्यांतून सुमारे ४६ लाख टन धातुपाषाण निघाला. त्यापासून ११८ कोटी पौंड तांबे आणि सुमारे ९० लाख औंस रुपे मिळाले. शंभर भाग दगडात सरासरी तेरा भाग तांबे, असे हे प्रमाण पडते. आज ज्या प्रचंड उघड्या खाणींतून जगाचे बहुतेक तांबे येते, त्यांत शंभर भागांत एक भागही क्वचितच मिळतो. एवढी समृद्धी एका डोंगरात कशी साठली आणि सत्तावीस वर्षांत ती पार कशी आटली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या दोन खडकांच्या जन्मकथेतच आहेत.

खालच्या हिरव्या खडकापासून आरंभ करणे योग्य होईल. त्यास भूगर्भशास्त्रज्ञ निकोलाय हरितपाषाण म्हणतात. नाव वेगळे असले तरी ही वस्तू महाराष्ट्रातील माणसाला परकी नाही. सह्याद्रीचे कडे, लेणी कोरलेले डोंगर आणि विहिरी खणताना लागणारा काळा पाषाण हे सर्व ज्या प्रकारे झाले, त्याच प्रकारे हा खडकही झाला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हारस वाहू लागला आणि एक थर निवतो न निवतो तोच दुसरा त्यावर पसरला. आपल्याकडील हे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. अलास्कातील थर सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे. काही ठिकाणी त्यांची जाडी दहा हजार फुटांहून अधिक भरते.

मात्र हे थर पसरले तेव्हा अलास्काचा बर्फाळ मुलूख त्यांच्या शेजारीही नव्हता. लाव्हा थिजताना तिच्यातील लोहाचे सूक्ष्म कण होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरतात आणि ती कायमची राखून ठेवतात. विषुववृत्तापाशी ही सुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी ती खाली झुकते. रँगेलमधील लाव्हेच्या तुकड्यांत ही सुई जवळजवळ आडवी सापडली. यावरून १९७७ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, हा सर्व भूखंड विषुववृत्ताच्या आसपास जन्मला आणि पुढे कोट्यवधी वर्षे सरकत सरकत येऊन अमेरिकेच्या काठाला चिकटला. त्याच वर्षी त्यास रँगेलिया हे नाव मिळाले. त्याचे तुकडे कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटापर्यंत विखुरलेले आहेत. तेव्हा हिमनदीच्या काठी जो दगड आज उभा आहे, तो उष्ण प्रदेशातला पाहुणा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

या लाव्हेत तांबे होते, पण किती? एक टन दगडात सुमारे दीडशे ग्रॅम, म्हणजे जेमतेम तेरा तोळे. एवढे तांबे अशा जातीच्या कोणत्याही पाषाणात थोड्याफार फरकाने असतेच. आपल्या दख्खनच्या पाषाणातही ते आहे, पण म्हणून कोणी पुण्याच्या टेकड्या खणून तांब्याचे हंडे घडविले नाहीत. पसरलेली संपत्ती निरुपयोगी असते. ती एका जागी आणणारा कोणी तरी हवा. निसर्गात हे काम पाणी करते.

लाव्हेचे थर नव्या थरांच्या ओझ्याखाली दबत गेले, तापले आणि त्यांच्या भेगांतून व बुडबुड्यांच्या पोकळ्यांतून ऊन पाणी खेळू लागले. मूळ खनिजे कुजून त्यांच्या जागी क्लोराइट, एपिडोट अशी हिरव्या रंगाची खनिजे झाली. काळा पाषाण हिरवा झाला तो असा. या घडामोडीत मूळ खनिजांच्या आश्रयाने राहिलेले तांबे बेवारस झाले. त्यातले थोडे त्याच पोकळ्यांत शुद्ध धातूच्या रूपाने बसले. श्रोत्यांपैकी कित्येकांनी नाशिक-पुण्याकडील दगडांच्या पोकळ्यांतून निघणारे पांढरे स्फटिक पाहिले असतील. तसल्याच पोकळीत स्फटिकाऐवजी तांब्याची गुठळी बसलेली आहे अशी कल्पना करावी.

या गुठळ्या ओढ्यांच्या पाण्याने सुटून वाळूत येत आणि त्या भागातील आट्ना लोक त्या वेचीत. दगडावर ठोकून ते त्यांची सुरी, बाणाची टोके व दागिने करीत आणि किनाऱ्यावरील लोकांशी त्यांचा विनिमय करीत. ज्या नदीच्या खोऱ्यात ते राहतात तिला इंग्रजीत ताम्रनदी असेच नाव पडले. १८८५ साली हेन्री ॲलन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट या खोऱ्यातून गेला, तेव्हा आट्नांचा नायक निकोलाय याने त्याच्या उपाशी तुकडीला आसरा दिला. या लोकांच्या बंदुकांतील गोळ्याही तांब्याच्या होत्या, हे पाहून ॲलन चकित झाला. पुढे १८९९ साली याच निकोलायने आपल्या माहितीतील तांब्याची जागा गोऱ्या शोधकांस दाखविली. तिच्या मोबदल्यात त्याने मागितले ते आपल्या माणसांकरिता अन्नधान्य. हरितपाषाणाला निकोलायचे नाव आहे ते त्या जागेवरून. खडकाला नाव मिळाले, पण खाणींच्या उत्पन्नात आट्नांचा वाटा कोठेच धरलेला नव्हता. ज्यांनी तांबे प्रथम ओळखले त्यांचा हिशेब तेथेच मिटविला गेला, हे या कथेचे कडू अंग विसरता येत नाही.

आता वरचा पांढरा खडक. लाव्हा थांबली, तिचे पठार हळूहळू खचले आणि त्यावर उथळ, उबदार समुद्र आला. शंख-शिंपल्यांचा व समुद्री गाळाचा चुना साचून सुमारे दोन हजार फुटांपर्यंत जाडीचा चुनखडक तयार झाला. यास चिटिस्टोन चुनखडक म्हणतात. त्याच्या अगदी तळचे काही थर विशेष महत्त्वाचे आहेत. समुद्र पुरता खोल होण्यापूर्वी तेथे भरती-ओहोटीची सपाट दलदल होती. भरतीचे पाणी आत येई, उन्हाने आटे, पुन्हा येई. कोकणात किंवा मुंबईभोवती ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत त्यांना हा देखावा वेगळा समजावून सांगावयास नको. पाणी आटता आटता मिठाच्याही आधी जो पदार्थ खाली बसतो तो म्हणजे चिरोडी, आणि चिरोडीच्या पोटात गंधक असते. त्याच चिखलात शेवाळ व इतर सेंद्रिय द्रव्यही मुबलक कुजत पडले होते.

अशा रीतीने खाली तांबे तयार होते आणि वर गंधक. दोहोंच्या मध्ये काही फुटांचे अंतर आणि कोट्यवधी वर्षांचा काळ होता. चुनखडकावर आणखी हजारो फूट गाळ चढला. मग सर्व थर भूमीच्या रेट्याने वाकले, कलंडले आणि चिरफाळले. ईशान्येकडे धावणाऱ्या उभ्या भेगा हरितपाषाणातून निघून चुनखडकात शिरल्या. हा काळ सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वीचा असावा. हरितपाषाणात मुरलेले खारट, ऊन पाणी तेथील मोकळे तांबे विरघळवून या भेगांवाटे वर चढले. वर चुनखडकाच्या तळथरांत निराळेच पाणी साचले होते. तेथील सेंद्रिय द्रव्याच्या योगाने चिरोडीतील गंधक सुटून कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूच्या रूपाने त्या पाण्यात मिसळले होते. ही दोन पाणी एकमेकांस भेटली मात्र, तांब्याने गंधकास धरले आणि दोघे मिळून खाली बसले. त्या वेळची उष्णता नव्वद अंशांच्या आसपास होती असे अभ्यासक सांगतात. म्हणजे चुलीवरचे आधण उकळी फुटण्यापूर्वी असते तेवढीच. ज्वालामुखीच्या भट्टीची यात गरज पडली नाही.

तांब्या-गंधकाच्या या संयुगाचे नाव चाल्कोसाइट. हे खनिज दिसावयास शिशासारखे काळसर व जड असते आणि शुद्ध असेल तर शंभर भागांत ऐंशी भाग निव्वळ तांबे असते. रुपेही याच वाटेने आले. देवघरातील चांदीची निरांजने न वापरता ठेवली तर काळी पडतात, याचे कारण हवेतील गंधकाचा अंश रुप्यास चिकटतो. तांब्याला व रुप्याला दोहोंनाही गंधकाची सारखीच ओढ. त्यामुळे लाव्हेत जे अत्यल्प रुपे होते तेही तांब्याच्या सोबत वर चढले आणि चाल्कोसाइटच्या अंगातच मुरून बसले. रुप्याची निराळी शीर म्हणून केनेकॉटच्या डोंगरात काही नव्हती. तांबे काढले की त्याबरोबर ते आपोआप पदरात पडे. सुमारे दोन हजार भाग तांब्यामागे एक भाग रुपे, असे हे प्रमाण होते.

येथे एक प्रश्न साहजिकच सुचेल. दख्खनच्या पाषाणातून असे तांबे का गोळा झाले नाही? त्याच्यावर चुनखडकाचा व चिरोडीचा थर चढला नाही. तो तितका खोल गाडला गेला नाही. आणि महाराष्ट्रात त्याचे थर बहुतेक ठिकाणी आजही आडवेच पडले आहेत. सामग्री एकच असली तरी स्वयंपाक झालाच नाही.

केनेकॉटचा साठा माणसाच्या दृष्टीस पडला तो १९०० सालच्या उन्हाळ्यात. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्कर रोन हा शोधक हिमनदीवरून गेला होता. तिने वाहून आणलेल्या दगडगोट्यांत त्याला चाल्कोसाइटचे तुकडे आढळले. रॉबर्ट केनिकॉट या निसर्गसंशोधकाच्या स्मरणार्थ हिमनदीला नाव दिले तेही त्यानेच. पुढे खाणीच्या कंपनीने ते लिहिताना एका अक्षराची चूक केली आणि तेव्हापासून हिमनदी केनिकॉट व खाण केनेकॉट असा भेद कायम झाला. मास्तरांच्या दृष्टीने शुद्धलेखनाचा हा दोष खराच, पण आता तो सुधारण्याची आशा नाही.

क्लॅरेन्स वॉर्नर व जॅक स्मिथ हे दोन शोधक हिमनदीच्या कडेने जात असता त्यांना उंच धारेवर हिरवा पट्टा दिसला. घोड्यांना चरावयास गवत असेल असे त्यांस प्रथम वाटले, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागले असेल, परंतु हिरवा पट्टा खरा होता. तांब्याच्या भांड्यात आंबट ताक राहिले की ते कळकते. डोंगराच्या माथ्यावरील चाल्कोसाइटही हवापाण्याने तसेच कळकून त्याचे मॅलाकाइट झाले होते. एवढे मात्र खरे की ते दोघे तेथे केवळ दैवाने पोचले नाहीत. निकोलायने दाखविलेली जागा हरितपाषाण व चुनखडक यांच्या सीमेलगत होती. तेव्हा तीच सीमारेषा धरून डोंगरामागून डोंगर पाहत जावे, असा विचार शोधकांनी केला होता. वर चढून आणलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांत शेकडा सत्तरपर्यंत तांबे निघाले.

पुढील व्यवहाराचा भाग थोडक्यात सांगितला तरी पुरे. स्टीफन बर्च या तरुण खाण-अभियंत्याने शोधकांचे हिस्से विकत घेतले; १९०६ साली गुगेनहाइम बंधू व मॉर्गन यांचे भांडवल मिळाले; आणि कॉर्डोव्हा बंदरापासून खाणीपर्यंत १९६ मैलांचा लोहमार्ग १९०७ ते १९११ या चार वर्षांत बांधला गेला. त्यास २ कोटी ३० लाख डॉलर खर्च आला. समोरासमोर दोन हिमनद्या नदीत कोसळत असता मधून पूल घालावा लागला. एवढा पैसा ओतण्यास सावकार तयार झाले, यावरूनच त्या दगडाच्या कसाची कल्पना यावी.

आता खाणीच्या पोटात शिरून पाहू. बोनान्झा, जम्बो, मदर लोड, ईरी व ग्लेशियर अशी पाच कामे एकाच धारेच्या अंगाखांद्यावर होती. पहिल्या चारांची भुयारे पुढे एकमेकांस जोडली गेली आणि त्यांची एकूण लांबी सत्तर मैलांच्या घरात गेली. धातुपाषाण सर्वत्र होता तो चुनखडकाच्या तळच्या थरांत, भेगांच्या अनुरोधाने, थरांच्या उतरणीसोबत ईशान्येकडे कलत गेलेला. त्याचा आकार पाचरीसारखा असे. जम्बोमधील सर्वांत मोठी पाचर सुमारे ३६० फूट उंच, २ ते ६० फूट रुंद आणि दीड हजार फूट लांब होती. आणि तिचा मोठा भाग निव्वळ चाल्कोसाइटचा होता. मंदिराच्या गाभाऱ्यात उभे राहावे आणि भिंती, छत, जमीन सर्व तांब्याचे असावे, असा तो प्रकार.

हे खनिज पाहून अभ्यासकांस प्रारंभी धास्ती वाटे. बहुतेक खाणींत चाल्कोसाइट वरच्या काही शेकडो फुटांतच सापडते, कारण पावसाचे पाणी वरचे तांबे धुऊन खाली नेते आणि तेथे ते पुन्हा बसून कसदार होते. त्याच्या खाली गेले की हलका माल लागतो. केनेकॉटला असेच असेल तर भांडवलदारांची धडगत नव्हती. पण जसजसे खोल जावे तसतसे चाल्कोसाइट तसेच मिळत राहिले. अ‍ॅलन बेटमन व डी. एच. मॅकलॉक्लिन या भूगर्भशास्त्रज्ञांनी १९२० साली आपला अभ्यास प्रसिद्ध करून असे दाखविले की, येथील चाल्कोसाइट पावसाच्या झिरपण्याने झालेले नसून मुळातच खालून आलेल्या पाण्याने बसविलेले आहे. शिवाय डोंगराचा अंतर्भाग बारमाही गोठलेला असल्याने तेथे पाणी झिरपत नाही. जे थोडे मॅलाकाइट आत खोलवर आढळे, ते हिमयुगाच्या आधीचे असावे असे त्यांचे मत पडले. पाचवे काम ग्लेशियर हे तर फारच मौजेचे होते. बोनान्झाच्या माथ्यावरून युगानुयुगे ढासळलेला तांब्याचा दगड खालच्या बर्फात रुतून बसला होता आणि तो बर्फासकट उन्हाळ्यात उघड्यावर खणून काढीत.

खडकाचा प्रभाव खाली कारखान्यातही सुटला नाही. सर्वांत कसदार माल पोत्यांत भरून थेट आगगाडीवर जाई आणि तेथून जहाजाने वॉशिंग्टन संस्थानातील टकोमाच्या भट्टीत. मध्यम प्रतीचा माल डोंगराच्या उतारावर बांधलेल्या चौदा मजली कारखान्यात वरून सोडीत. प्रत्येक मजल्यावर तो फोडून, पाण्यात हलवून जड चाल्कोसाइट व हलका चुनखडक वेगळे करीत. परंतु मॅलाकाइट हे हलके असल्यामुळे चुन्याबरोबर वाहून जाई. त्यास आम्लात विरघळवावे तर चुनखडकच सारे आम्ल पिऊन टाकी. लिंबाचा रस चुन्याच्या डबीत ओतल्यासारखे व्हावयाचे. तेव्हा १९१६ च्या सुमारास अमोनियाचा उपाय योजण्यात आला. अमोनिया तांब्यास विरघळवितो आणि चुन्यास शिवत नाही. नंतर पाणी तापवून अमोनिया उडवून लावला म्हणजे तांबे खाली बसे आणि अमोनिया पुन्हा वापरता येई. मोठ्या प्रमाणावर तांब्यासाठी ही रीत प्रथम येथेच यशस्वी झाली.

खाली कारखान्याच्या वस्तीत सुमारे तीनशे आणि वर खाणींत दोनशे ते तीनशे माणसे राबत. वरच्यांची निजण्याजेवण्याची सोय डोंगराच्या माथ्याशीच होती. खालच्या वस्तीत दवाखाना, शाळा, दुकान असे सर्व काही होते. मद्यपानाला कंपनीची मनाई असल्याने त्या व्यवहारासाठी चार-पाच मैलांवर मॅकार्थी नावाचे दुसरे गाव आपोआप वसले. १९१६ हे भरभराटीचे साल; महायुद्धामुळे तांब्याचा भाव चढला होता आणि त्या एका वर्षात तीन कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे तांबे निघाले.

या सर्व माणसांचे पोट ज्या पाचरीवर अवलंबून होते तिचा गुणच तिचा दोष होता. पाचर खाली एका आडव्या भेगेवर येऊन सुरी फिरवावी तशी तुटत असे. तिच्या खाली काही फूट कोरा चुनखडक आणि मग हरितपाषाण. दुसऱ्या खाणींत कसदार मालाभोवती मध्यम आणि मध्यम मालाभोवती हलका, असे वेढे असतात. कसदार माल संपला तरी यंत्रे सुधारून हलक्यावर आणखी पिढी-दोन पिढ्या निर्वाह चालतो. केनेकॉटला असा मोठा वेढा नव्हता. तांबे व गंधक जेथे भेटले तेथेच सारे तांबे एकदम बसले, बाजूच्या खडकात फारसे पसरले नाही. म्हणून भिंतीच्या एका बाजूस शेकडा सत्तर आणि हातभर अंतरावर जवळजवळ शून्य. १९२५ सालीच कंपनीच्या एका भूगर्भशास्त्रज्ञाने कसदार साठ्यांचा अंत दिसू लागल्याचे भाकीत केले होते.

भांडवलवाल्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९१५ साली केनेकॉट ताम्र कंपनी नव्याने उभी राहिली आणि अलास्कातील नफा युटामधील बिंगहॅम व चिलीमधील एल तेनिएन्ते येथील साठ्यांकडे वळला. हे साठे अलास्काच्या मानाने गरीब, पण आकाराने अवाढव्य. बिंगहॅममधून आजही तांबे निघते. श्रीमंत पण लहान खाणीने गरीब पण विशाल खाणी विकत घेतल्या आणि आपण स्वतः संपली. कंपनी अशा रीतीने सुरक्षित झाली. कामगारांना मात्र डोंगर हलवून नेता येत नाही.

ग्लेशियरचे काम १९२९ मध्ये थांबले. १९३८ च्या जुलैअखेर मदर लोड आणि सप्टेंबरात ईरी, जम्बो व बोनान्झा बंद झाल्या. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी शेवटची आगगाडी कॉर्डोव्हाकडे निघाली. पुढे लोहमार्गावर गाडी येणारच नव्हती, म्हणून ज्याला जे उचलता येईल ते त्याने नेले. जड सामान, यंत्रे, दवाखान्यातील वस्तू जागच्या जागी राहिल्या. गाव ओस पडले.

नंतरच्या काळात चुनखडक व हरितपाषाण यांची ती सीमारेषा रँगेलमध्ये मैलोगणती तपासण्यात आली. तशाच घडणीचे लहान साठे काही ठिकाणी आढळले, परंतु केनेकॉटची बरोबरी करील असा एकही नाही. निकोलायने दाखविलेली जागाही त्या लहानांपैकीच ठरली. केनेकॉटच्या डोंगरातही मूळ साठ्याचा किती तरी भाग हिमनद्यांनी आधीच खरवडून नेला असावा. माणसाच्या वाट्यास उरले ते एवढेच.

१९८० साली हा सर्व टापू रँगेल–सेंट एलायस राष्ट्रीय उद्यानात आला आणि १९९८ साली कारखान्याच्या इमारती व खाणी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने ताब्यात घेतल्या. तांबड्या रंगाचा, पांढऱ्या चौकटींचा तो चौदा मजली लाकडी कारखाना डोंगरावर अजून उभा आहे. त्याच्यासमोर, दरीत, करड्या दगडमातीचे उंचसखल ढीग दूरवर पसरलेले दिसतात. नवखे प्रवासी ते खाणीतून काढून टाकलेले दगड समजतात. ते ढीग हिमनदीचेच आहेत. दगडमातीच्या त्या पातळ पांघरुणाखाली बर्फ आहे. खाण चालू असता हा बर्फ इतका उंच होता की गावातून पलीकडची बाजू दिसत नसे. आता तो वितळून पुष्कळ खाली बसला आहे आणि त्याच्या पाठीवर हिरव्या व पांढऱ्या खडकांचे तुकडे एकमेकांत मिसळून पडले आहेत.